शेगडीचं दुखणं ज्योतीवर दिसतं

गॅसची शेगडी कुरकुरायला लागली की बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर महिनोन् महिने त्याच मंद किंवा पिवळ्या ज्योतीवर स्वयंपाक रेटला जातो, नाहीतर दुरुस्तीवाल्याला बोलावून ‘बघा काय झालंय ते’ एवढंच सांगितलं जातं. तो अंदाजाने एखादा भाग बदलतो, पैसे घेतो आणि थोड्याच दिवसांत कुकरचा तळ पुन्हा काळा होऊ लागतो. खरं तर शेगडी हे घरातलं फार साधं यंत्र आहे. तिचे भाग मोजके आहेत, आणि बिघाड त्यातल्या कुठल्या भागात आहे हे ज्योतीच्या रंगावरून, उंचीवरून आणि आवाजावरून ओळखता येतं. ते ओळखायला शिकलं तर बरीच कामं घरच्या घरी होतात. जी होत नाहीत, त्यांच्यासाठी कोणाला बोलवायचं आणि त्याला काय सांगायचं, हे तरी नेमकं कळतं.

गॅस ज्योतीपर्यंत कसा पोचतो

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. प्रोपेन आणि ब्युटेन यांचं हे मिश्रण टाकीत दाबाखाली असल्यामुळे द्रवरूपात राहतं. द्रवाच्या वरच्या जागेत जमलेली वाफ आपण जाळतो. टाकीतला दाब थेट शेगडीला झेपणारा नसतो. रेग्युलेटर तो कमी करून साधारण ३० मिलिबारवर, म्हणजे फूटभर उंच पाण्याच्या दाबाइतका खाली आणतो. तिथून गॅस रबरी नळीतून शेगडीत येतो आणि नॉबच्या मागच्या व्हॉल्व्हपाशी थांबतो.

नॉब फिरवला की गॅस व्हॉल्व्हच्या टोकाशी असलेल्या जेटमधून बाहेर पडतो. जेट म्हणजे पितळेची एक छोटी टोपी. तिच्या मधोमध एक मिलिमीटरहूनही बारीक भोक असतं. त्यातून गॅस वेगाने सुटतो आणि समोरच्या जाड नळीच्या तोंडातून आजूबाजूची हवा आपल्याबरोबर आत ओढून नेतो. या नळीत हवा आणि गॅस मिसळतात आणि ते मिश्रण बर्नरच्या चकतीच्या भोकांतून बाहेर येऊन पेटतं. राहिलेली हवा ज्योत भोवतालून घेते.

एक भाग गॅस पूर्ण जळायला साधारण २५ ते ३० भाग हवा लागते. शेगडीच्या तक्रारी बहुतेक वेळा याच हिशेबाशी येऊन ठेपतात. कुठे गॅस कमी पडतो, कुठे हवा कमी पडते, नाहीतर दोन्ही नीट मिसळत नाहीत.

आधी दुसरा बर्नर पेटवून पाहा

काहीही उघडण्याआधी एक सोपी तपासणी करायची. जो बर्नर त्रास देतोय तो बंद करून शेजारचा पेटवायचा. दोन्ही बर्नरना तोच त्रास असेल, तर बिघाड दोघांना समाईक असलेल्या भागात आहे, म्हणजे टाकी, रेग्युलेटर किंवा नळीत. एकच बर्नर त्रास देत असेल, तर टाकी आणि रेग्युलेटर ठीक आहेत. दोष त्या बर्नरच्या व्हॉल्व्ह, जेट, हवेची नळी किंवा चकतीत आहे. या एका तपासणीने शोधाचं क्षेत्र निम्मं होतं, आणि उगाच रेग्युलेटर बदलायची वेळ येत नाही.

दुसरा नियम हद्दीचा. जे हाताने सहज उचलून काढता येतं, म्हणजे चकती, जाळी, ट्रे, ते आपण काढावं, धुवावं, परत बसवावं. ज्याला पाना लागतो, ते जाणकार मेकॅनिकचं काम. जेट, व्हॉल्व्ह आणि शेगडीतला गॅसचा पाइप या तीन गोष्टींना घरच्या घरी हात लावायचा नाही.

पिवळी ज्योत आणि काळे तळ

चांगली ज्योत निळी असते. आत फिकट निळा टोकदार सुळका आणि बाहेर गडद निळं आवरण दिसतं. टोकं पिवळी होऊन लवलवायला लागली की समजावं, गॅसला पुरेशी हवा मिळत नाहीये. न जळलेला कार्बन पातेल्याच्या तळाला काजळी होऊन बसतो. पण काळा तळ ही निव्वळ घासण्याची कटकट नाही. अपुऱ्या ज्वलनात कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद स्वयंपाकघरात, विशेषतः थंडीत खिडक्या लावून घेतल्यावर, तो डोकेदुखी आणि गुंगी आणतो आणि जास्त झाला तर जिवावर बेततो. म्हणून पिवळ्या ज्योतीवर स्वयंपाक चालू ठेवू नये.

पिवळी ज्योत खरी की भासाची, हे आधी तपासावं. शेजारी केर काढला, मीठ सांडलं, पीठ उडालं, तर ज्योतीत केशरी ठिणग्यांसारखे फटकारे दिसतात. तो मिठातल्या सोडियमचा आणि धुळीचा रंग असतो, बिघाड नव्हे. खात्री करायची असेल तर घासून लख्ख केलेल्या स्टीलच्या पातेल्यात पाणी घालून ते मिनिटभर त्या ज्योतीवर ठेवा. मग कापडाने धरून उतरवा आणि तळाला ओला कागद पुसा. कागद काळा झाला तर हवा कमी पडते आहे. कागद स्वच्छ राहिला तर केशरी रंगाची चिंता नको.

काजळी येत असेल तर साफसफाईपासून सुरुवात करा. रेग्युलेटर बंद करून शेगडी पूर्ण थंड होऊ द्या. चकती उचला आणि खिडकीच्या उजेडासमोर धरा. ज्या भोकांतून उजेड येत नाही, तिथे उतू गेलेलं दूध, चहा किंवा वरणाचं पाणी जळून बसलंय. पितळी चकती असेल तर कोमट पाण्यात साबण आणि चिंचेचा कोळ किंवा लिंबाचा रस घालून तासभर भिजू द्या, मग दातांच्या जुन्या ब्रशने घासा. अडून बसलेली भोकं शिवणाच्या सुईने एकेक करून मोकळी करा, पण सुई फिरवून भोक मोठं करू नका. चकती ॲल्युमिनियमची असेल तर आंबट पदार्थ आणि सोडा टाळा, साधं साबणाचं पाणी पुरे. धुऊन झालं की झटकून उलटी ठेवा आणि पार कोरडी होऊ द्या. ओल्या चकतीवर ज्योत अर्धवट पेटते, फटफट आवाज करते.

चकती वाळेपर्यंत शेगडीखाली टॉर्च मारून हवेच्या नळीचं तोंड पाहा. जेटसमोरच्या या मोकळ्या जागेत धूळ, तेलाचा चिकट थर आणि कोळिष्टकं साचतात. गावाला जाऊन महिन्याभराने परतलेल्या घरात शेगडी अचानक पिवळी पेटते, त्याचं कारण पुष्कळदा इथेच असतं. कोरड्या ब्रशने तोंड साफ करा. चकती परत ठेवताना तिच्या खाचा जुळवून बसवा. किंचित तिरकी बसली तरी एका बाजूने ज्योत उंच आणि दुसऱ्या बाजूने गायब अशी अवस्था होते.

एवढं करूनही काजळी आली तर जेटवर संशय जातो. इथे एक मोह टाळायचा, तो जेटमध्ये सुई घालून भोक साफ करण्याचा. रॉकेलच्या स्टोव्हला पिन मारायची सवय जुन्या पिढीला होती आणि त्या स्टोव्हला ती चालतही होती. गॅसच्या जेटचं भोक मात्र ठरावीक मापाचं असतं आणि पितळ मऊ असतं. सुईने ते किंचित वाढलं तरी जास्त गॅस सुटू लागतो, हवा पुरत नाही आणि पिवळी ज्योत कायमची होऊन बसते.

जेटचा आणखी एक प्रश्न मुंबई-पुण्यात घर बदलणाऱ्यांना येतो. पाइपने येणारा गॅस मुख्यतः मिथेन असतो. तेवढ्याच आकारमानाच्या सिलिंडरच्या गॅसमध्ये त्याच्या साधारण अडीच पट उष्णता असते. म्हणून पाइप गॅसच्या शेगडीला मोठ्या भोकाचे जेट लागतात. ती शेगडी तशीच नेऊन सिलिंडरला जोडली तर ज्योत उंच, पिवळी, काजळी सोडणारी होते. सिलिंडरची शेगडी पाइप गॅसला जोडली तर ज्योत बारीक पडते. दोन्ही वेळा शेगडी बिघडलेली नसते, फक्त जेट बदलून घ्यायचे असतात.

ज्योत उडते किंवा आत शिरते

कधी ज्योत चकतीला चिकटून न राहता भोकांपासून थोडी वर उचलली जाते, सूं सूं आवाज करते आणि मध्येच विझते. मिश्रण भोकांतून फार वेगाने बाहेर पडतं किंवा त्यात हवा जास्त झालेली असते. एकाच बर्नरला हे होत असेल तर काही भोकं बुजल्यामुळे उरलेल्यांवर ताण आलाय का ते पाहावं. दोन्ही बर्नर असं करत असतील तर रेग्युलेटर दाब नीट कमी करत नसण्याची शक्यता मोठी. अशा वेळी रेग्युलेटर बंद करून एजन्सीला कळवावं.

याच्या उलट प्रकार जास्त गोंधळात टाकतो. ‘फट्’ असा आवाज होतो, चकतीवरची ज्योत नाहीशी होते आणि शेगडीच्या पोटातून हिस्स आवाज येत राहतो. गॅस बंद झालेला नसतो. ज्योत नळीतून मागे सरकून जेटपाशी जळत असते. असं काही मिनिटं चाललं तर नळी तापून लाल होते, नॉब गरम लागतो, प्लास्टिक वितळतं. नॉब ताबडतोब बंद करावा, शेगडी थंड होऊ द्यावी, मगच पुन्हा पेटवावी. चकती नीट न बसणं, तिच्यात पाणी राहणं, वर्षानुवर्षांच्या वापराने भोकं मोठी होणं किंवा ज्योत फार बारीक ठेवणं ही याची नेहमीची कारणं. चकती नीट बसवूनही असं वारंवार होत असेल, तर ती झिजली आहे, बदलून घ्यावी.

दोन्ही बर्नर मंद पेटतात

पहिला अंदाज अर्थात टाकी संपत आल्याचा. टाकीवरून ओलं फडकं फिरवा. जिथपर्यंत द्रव गॅस आहे तो भाग थंड राहतो आणि उशिरा वाळतो. रिकामा भाग लवकर कोरडा होतो. ओलाव्याची ती रेष म्हणजे गॅसची पातळी.

टाकी भरलेली असूनही ज्योत मंद असेल तर नळी पाहा. ट्रॉलीमागे तिला घडी पडली आहे का, टाकीखाली ती चेमटली आहे का? रेग्युलेटरचं बटण अर्धवट फिरलेलं नाही ना? हे सगळं ठीक असेल तर रेग्युलेटर एजन्सीकडून तपासून घ्यावा.

थंडीत, विशेषतः नाशिक किंवा महाबळेश्वरसारख्या ठिकाणी पहाटे, ज्योत कमी झाल्याची तक्रार खरी असते. प्रोपेन उणे ४२ अंशांलाही उकळतो, ब्युटेन मात्र शून्याच्या जरासं खाली. टाकी वापरात असताना प्रोपेन जास्त प्रमाणात आधी निघून जातो आणि शेवटी ब्युटेनचा वाटा वाढतो. थंड हवेत त्याची वाफ सावकाश होते. शिवाय वाफ होताना टाकी स्वतःही गार पडते, म्हणून कधीकधी तिच्यावर दवाचे थेंब दिसतात. यावर उपाय म्हणून टाकी गरम पाण्यात ठेवणं किंवा आडवी करणं, दोन्ही धोक्याचं. आडव्या टाकीतून वाफेऐवजी द्रव गॅस नळीत शिरतो आणि बाहेर येताना सुमारे अडीचशे पट फुगतो. बर्नरवर मग ज्योतीचा लोळ उठतो. टाकी नेहमी उभीच ठेवायची. थंडीत मोठा स्वयंपाक असेल तर दोन्ही बर्नर एकदम मोठे न ठेवता थोडा जास्त वेळ द्यावा, एवढंच करण्यासारखं आहे.

नॉब अडतो, ठिणगी पडत नाही

नॉब जड फिरतो याचं कारण व्हॉल्व्हमधलं वंगण वाळलेलं असतं, किंवा उतू गेलेलं दूध दांड्याच्या कडेने आत उतरून चिकटलेलं असतं. पकडीने जोर लावला तर दांडा तुटतो, किंवा व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहतो. खोबरेल सोडण्याचाही उपयोग नाही. ते उष्णतेने चिकट होतं आणि अडथळा वाढतो. व्हॉल्व्ह उघडून, पुसून, उष्णतेला टिकणारं खास वंगण लावणं हे मेकॅनिकचं काम आहे.

ऑटो शेगडीत नॉब दाबला की आतल्या स्फटिकावर आघात होतो आणि त्यातून वीज निर्माण होऊन बर्नरजवळच्या पांढऱ्या चिनी मातीच्या दांडीच्या टोकावर ठिणगी पडते. दांडी ओली किंवा तेलकट असली तर ठिणगी भलतीकडे उडते. पावसाळ्यात हे नेहमीचं. दांडी कोरड्या कापडाने पुसून पाहावी. ज्या हॉबमध्ये बॅटरी असते, तिथे टकटक आवाज मंद झाला की बॅटरी बदलावी. हातातला लायटर वापरताना आधी तो बर्नरजवळ न्यावा, मग नॉब फिरवावा. दोन-तीन ठिणग्यांत पेटलं नाही तर नॉब बंद करून मिनिटभर थांबावं, साचलेला गॅस जाऊ द्यावा, मग पुन्हा प्रयत्न करावा.

नव्या हॉबची एक वेगळी तक्रार असते. ज्योत पेटते, पण नॉब सोडला की विझते. तिथे ज्योतीशेजारी धातूची एक बारीक कांडी असते. ती तापली की अगदी थोडी वीज तयार होते आणि त्या विजेच्या जोरावर आतला व्हॉल्व्ह उघडा राहतो. वाऱ्याने ज्योत विझली तर कांडी थंड होते आणि गॅस आपोआप बंद होतो. म्हणून पेटवल्यावर नॉब काही सेकंद दाबून धरावा लागतो. तरीही ज्योत टिकत नसेल तर शेगडी थंड असताना कांडीचं टोक पुसून घ्यावं. तिच्यावर काजळीचा थर असेल तर उष्णता तिच्यापर्यंत पोचत नाही.

वास आला तर

गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन मिसळतात. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे ओट्याखाली, ट्रॉलीत, जमिनीलगत साचतो. पाइपचा गॅस हलका असतो, तो छताकडे जातो. सिलिंडरच्या गॅसचं हवेतलं प्रमाण साधारण दोन टक्क्यांपर्यंत गेलं की एक ठिणगी पुरते.

वास आल्याबरोबर नॉब आणि रेग्युलेटर बंद करा, देवघरातलं निरांजन विझवा, दारं-खिडक्या उघडा. विजेचं कुठलंही बटण चालू किंवा बंद करू नका, एक्झॉस्ट फॅनसुद्धा लावू नका. जमलं तर रेग्युलेटर काढून टाकीवर सुरक्षा टोपी बसवा. घराबाहेर जाऊन सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ या क्रमांकावर फोन करा. पाइप गॅससाठी कंपनीचा आपत्कालीन क्रमांक बिलावर असतो, तो आधीच मोबाइलमध्ये घालून ठेवावा.

वास अगदी मंद असेल, खोली हवेशीर झाली असेल आणि आसपास कुठेही ज्योत नसेल, तर साबणाचा फेस करून रेग्युलेटरच्या जोडावर आणि नळीच्या दोन्ही टोकांना लावा. बुडबुडे फुगतील तिथे गळती. काडी पेटवून गळती शोधायची नाही, कधीच नाही. नवी टाकी लावतानाच वास आला तर तोंडातला रबरी वायसर फाटलेला किंवा गायब असतो. टोपी लावून टाकी परत द्यावी. टाकी घेताना डिलिव्हरीवाल्याला आपल्यासमोर तपासायला सांगणं हा आपला हक्क आहे. नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी, आणि चीर दिसली तर त्याआधीच, बदलावी. तिच्यावर कापड किंवा प्लास्टिक गुंडाळू नये, कारण चीर त्याखाली लपते.

ओटीजी ओव्हनचं थोडक्यात

केक एका बाजूने करपतो, नानकटाई मध्ये कच्ची राहते, अशा तक्रारींत पुष्कळदा ओव्हन निर्दोष असतो. दहा-पंधरा मिनिटं आधी तापवलेला नसतो, किंवा भांडं वरच्या रॉडच्या फार जवळ असतं. वर-खालचे दोन्ही रॉड तापतात का हे दार लावून काचेतून पाहावं. थर्मोस्टॅटवर शंका असेल तर साखरेची परीक्षा सोपी आहे. साखर साधारण १८६ अंशांना वितळते. ओव्हन १७५ अंशांवर नीट तापवून छोट्या वाटीत चमचाभर साखर पंधरा मिनिटं ठेवा. ती वितळली तर ओव्हन सांगतो त्यापेक्षा जास्त तापतो. मग नवी साखर घेऊन १९० अंशांवर तेच करा. तिथे वितळली नाही तर तो कमी तापतो. फरक कळला की तेवढे अंश कमी-जास्त ठेवून काम चालवता येतं.

पावसाळ्यात कपाटात ठेवलेला ओटीजी गणपतीच्या सुमारास बाहेर काढला आणि लावताच घरातली वीज गेली, हा प्रकार कोकण-मुंबईत ओळखीचा आहे. रॉडच्या आतली पूड दमट हवेतलं पाणी शोषते आणि विजेची किंचित गळती होते. घरातला गळतीरोधक स्विच ती ओळखून वीज तोडतो. हा स्विच बांधून किंवा बदलून ओव्हन चालवण्याचा प्रयत्न करू नये. दुरुस्तीवाल्याकडून रॉड कोरडा करून किंवा बदलून घ्यावा. दोन हजार वॉटचा ओव्हन जवळपास नऊ अँपियर वीज ओढतो. तो सहा अँपियरच्या छोट्या सॉकेटला जोडला तर प्लग तापतो, प्लास्टिक पिवळं पडतं. त्याला सोळा अँपियरचा मोठा सॉकेटच हवा.

दुरुस्तीवाल्याला काय सांगायचं

महिन्यातून एकदा चकत्या उजेडासमोर धरून पाहिल्या, हवेच्या नळीच्या तोंडावरून ब्रश फिरवला आणि नळी वाकवून चिरा तपासल्या, तर शेगडीच्या बऱ्याच तक्रारी उद्भवतच नाहीत. तरीही बिघाड झालाच तर फोनवर ‘शेगडी चालत नाही’ असं न सांगता जे पाहिलंत ते सांगा. डाव्या बर्नरची ज्योत पिवळी आहे, उजव्याची निळी आहे, चकती धुतली, तरी तळ काळा होतो. एवढं ऐकल्यावर जाणकार माणूस सरळ डाव्या जेटकडे जातो. रेग्युलेटर, नळी आणि दुसरा बर्नर यांना हात लावायचं त्याला कारण उरत नाही आणि तुम्हाला त्यांचे पैसे भरायचं. शेगडी टाकून नवी घ्यायला सांगणाऱ्यालाही मग दोष नेमका कुठे आहे, असं विचारता येतं, आणि त्याचं उत्तर पटतं का हे स्वतः ठरवता येतं.